‘शाहू’ नावाचा अर्थ नेमका काय? इतिहासातल्या चार शाहूंपैकी एकाचंही हे पाळण्यातलं नाव नव्हतं!

कोल्हापूरला रेल्वेनं आलात तर उतरल्या उतरल्या पाटी दिसते, छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. बाहेर पडलात की शाहूपुरी. गुळाचे सौदे बघायचे तर शाहू मार्केट यार्ड. पेठांची फुटबॉल मॅच बघायची तर शाहू स्टेडियम. व्याख्यान नाहीतर चित्रांचं प्रदर्शन असलं तर दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. २०२४ च्या लोकसभेला कोल्हापूरनं निवडून दिलेल्या खासदारांचं नावही शाहू छत्रपती.

आता इन्स्टा उघडा आणि ‘मुलांसाठी युनिक मराठी नावं’ असं शोधा. विहान येईल, रेयांश येईल, अद्विक येईल, रुद्रांशचे तर चार प्रकार येतील. शाहू काही येत नाही. ज्या शहरात हे नाव दिवसातून दहा वेळा तोंडात येतं, तिथंही बारशाच्या यादीत ते सहसा नसतं.

बरं, ज्यांना ते ठेवायचंय त्यांची पहिली अडचण म्हणजे अर्थ. घरात कुणीतरी विचारतंच, “म्हणजे काय रं ह्याचं?” मग पटकन उत्तर येतं, “राजा.” शाह म्हणजे राजा, म्हणून शाहू म्हणजे राजा. ऐकायला बरोबर वाटतं. पण मराठी इतिहासात या नावाचा जो अर्थ सगळ्यात जास्त वेळा सांगितला गेलाय तो राजा नाही. तो आहे ‘साव’. म्हणजे चोर-साव मधला साव. प्रामाणिक, सरळ माणूस.

आणि हे नाव कुणी ठेवलं असं सांगतात माहितीय? औरंगजेबानं.

नातवाचं नाव शिवाजी होतं

तर गोष्ट अशी आहे. छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांना १८ मे १६८२ रोजी माणगावजवळच्या गांगवलीत मुलगा झाला. त्याला आजोबांचं नाव मिळालं, शिवाजी. आजोबांचं नाव नातवाला ही रीत आजही आपल्याकडे घरोघरी आहे, त्यामुळे यात नवल काही नाही.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायगड मुघलांच्या हाती गेला. सात वर्षांचा हा मुलगा आईसोबत कैद झाला. पुढची जवळपास १८ वर्षं तो बादशाही छावणीत होता. छावणी जिकडे जाईल तिकडे तोही. कैदी असला तरी त्याला सात हजारी मनसब आणि राजा हा किताब दिलेला होता, म्हणजे बादशाहाच्या दृष्टीनं ती एक राखून ठेवलेली सोंगटी होती.

नावाची कथा या छावणीतली आहे. औरंगजेबानं शिवाजी महाराजांशी आयुष्यभर वैर केलं, त्यांना तो लुटारू समजत होता. आता त्याच नावाचा नातू रोज डोळ्यांसमोर. त्याला शिवाजी म्हणून हाक कशी मारायची? तेव्हा तो म्हणे म्हणाला, आजोबा चोर होता, हा मात्र साव आहे. या सावचं झालं साहू, आणि साहूचं शाहू.

एकोणिसाव्या शतकापासूनच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही कथा फिरत आलीय. आता ती नीट ऐकली तर जरा टोचते. नातवाचं कौतुक आहे, पण ते आजोबांना शिवी देऊन केलेलं कौतुक आहे. आपल्या लाडक्या नावाचा उगम असा असेल तर काय करायचं? कोल्हापुरात हा विषय निघाला की अर्धे लोक कथा मान्य करतात आणि अर्धे चिडतात. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत, म्हणून भाषेकडे बघू.

दही, बहिरा आणि साहू

संस्कृतात शब्द आहे साधु. भला, सज्जन, सरळ. संस्कृत शब्द प्राकृतात आले तेव्हा दोन स्वरांच्या मधला ‘ध’ बऱ्याचदा ‘ह’ झाला. दधि होतं, त्याचं दही झालं. बधिर होता, त्याचा बहिरा झाला. तसाच साधुचा झाला साहु. आणि साहुचा मराठीत झाला साव. ‘साव असल्याचा आव आणू नकोस’ असं आपण म्हणतो तो हा साव.

याच शब्दाची पोरं-नातवंडं भारतभर पसरलीत. उत्तर प्रदेशात, छत्तीसगडमध्ये, ओडिशात साहू हे आडनाव आहे. गुजराती शहा मंडळींचं आडनावही फारसीतल्या बादशाहा-शाहमधून नाही, तर व्यापाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या याच साहूमधून आलंय असं भाषेचे अभ्यासक सांगतात. उधारीच्या धंद्यात ज्याच्यावर विश्वास टाकता येतो तो साहू. आणि साहूकारचा मराठी भाऊ म्हणजे सावकार! मुळात ‘सरळ व्यवहार करणारा’ असा हा शब्द. पुढं त्याचं काय झालं ते कर्ज काढलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

म्हणजे साव हा अर्थ हवेतला नाही, भाषेत त्याला पक्की मुळं आहेत.

पण दुसरीही एक वाट आहे आणि ती कमी लोकांना माहीत असते. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे. त्यांच्या नावाची कथा अशी सांगतात की मालोजीराजे आणि उमाबाई यांना मूल होत नव्हतं, त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, आणि मग झालेल्या दोन मुलांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी. आता गंमत बघा. मुघलांच्या फारसी तवारिखांमध्ये या शहाजीराजांचा उल्लेख ‘साहू भोसला’ असा येतो. म्हणजे औरंगजेबानं नातवाला साहू म्हणण्याच्या कितीतरी आधी, मुघलांच्या कागदात भोसल्यांच्या घरात एक साहू होऊन गेला होता. आणि तो या मुलाचा पणजोबा होता.

शिवाय आपली हाक मारायची सवय बघा. विठ्ठलचा विठू, नामदेवचा नामू, राजाचा राजू, बाळचा बाळू. शहाजीचा शाहू व्हायला वेगळ्या बादशाहाची गरज लागत नाही. घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की एक अडचण कायम यायची. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग त्याच नावाच्या पोराला “ए शिवाजी, इकडं ये” असं ओरडायचं कसं? त्यामुळे कागदावर एक नाव आणि घरात दुसरं, ही पद्धत मराठी घरांत जुनी आहे. कोल्हापूरच्या राजघराण्यातच बघा, संभाजी महाराजांना आबासाहेब म्हणायचे, शहाजी महाराजांना बुवासाहेब, शिवाजी महाराजांना बाबासाहेब. (हे शिवाजी, संभाजी, शहाजी सगळे नंतरचे, कोल्हापूरच्या गादीवरचे. या घराण्याचा इतिहास वाचताना आधी वही-पेन घेऊन बसावं लागतं.)

माझं मत विचाराल तर मला वाटतं, नाव आधीच तोंडात असावं आणि साव-चोराची कोटी त्यावर नंतर बसवली गेली असावी. साहू शब्द ऐकल्यावर त्याचा जोडीदार चोर कुणालाही आठवतो, ती जोडीच तशी आहे. बादशाहानं खरंच तसं म्हटलं असेल तरी त्यानं नाव घडवलं यापेक्षा असलेल्या नावावर टोमणा मारला, हे जास्त पटतं. पण हे मत झालं. ठाम आहे ते एवढंच, की त्याचं जन्माचं नाव शिवाजी होतं आणि जगानं त्याला शाहू म्हणून ओळखलं.

दोन चुलतभाऊ, दोघंही शिवाजी

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशाह गादीच्या भांडणासाठी उत्तरेकडे निघाला आणि वाटेत त्यानं शाहूंना सोडलं. येसूबाईंना नाही सोडलं, त्यांची सुटका व्हायला १७१९ उजाडलं.

शाहू परत आले तेव्हा गादीवर कोण होतं? ताराराणींचा मुलगा. त्याचं नाव काय? शिवाजी! म्हणजे थोरल्या शिवाजी महाराजांचे दोन नातू, दोघांची नावं आजोबांवरून, आणि दोघांचा हक्क एकाच गादीवर. अशा वेळी एकाचं नाव शाहू असण्याचा कारकुनांना किती फायदा झाला असेल कल्पना करा.

ताराराणींनी तर वेगळाच मुद्दा काढला. हा आलेला तरुण संभाजीराजांचा मुलगा नाहीच, तोतया आहे. सात वर्षांचा गेलेला मुलगा पंचविशीत परत आलाय, कोण ओळखणार? फोटो नाही, आधार कार्ड नाही, आई अजून कैदेत. माणूस कोण आहे हाच प्रश्न. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला लढाई झाली तेव्हा धनाजी जाधव ताराराणींच्या बाजूनं आले होते. आपल्यासमोरचा माणूस खराच शाहू आहे याची खात्री पटल्यावर त्यांनी बाजू बदलली. त्या दिवशी लढाई बऱ्याच अंशी ओळखीवर ठरली.

१२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. सुटका झाल्यावर ते शिवाजी हे नाव पुन्हा घेऊ शकले असते. राजमुद्रेत त्यांनी घेतलंही, तिथं शंभूपुत्र शिवराज असाच उल्लेख आहे. पण रोजच्या कारभारात, पत्रांत, लोकांच्या तोंडी ते शाहूच राहिले. बाजीराव पेशव्यांच्या शिक्क्यातही राजा म्हणून नाव आहे ते शाहूंचंच. १५ डिसेंबर १७४९ ला ते वारले, तोपर्यंत ४० हून जास्त वर्षं हे नाव मराठ्यांच्या राज्याचं नाव होऊन बसलं होतं. कैदेतलं नाव म्हणा, टोमण्यातलं म्हणा, त्याच नावाखाली मराठे नर्मदेपलीकडे गेले.

कोल्हापूरला हे नाव शत्रूचं होतं

आता इथं खरा ट्विस्ट आहे.

ताराराणींनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली. तीच पुढे करवीरची, म्हणजे कोल्हापूरची गादी. म्हणजे कोल्हापूर संस्थान जन्मालाच आलं ते साताऱ्याच्या शाहूंना विरोध म्हणून! १७१४ मध्ये कोल्हापुरात सत्ता पालटली, राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला, तरी साताऱ्याशी भांडण चालूच राहिलं. शेवटी १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलुख कोल्हापूरचा, उत्तरेचा साताऱ्याचा. आजही सांगलीच्या बाजूनं कोल्हापूर जिल्ह्यात शिरताना आपण बऱ्याच ठिकाणी वारणा ओलांडतो.

साहजिकच कोल्हापूरच्या छत्रपतींच्या नावांची यादी काढली तर शिवाजी, संभाजी, शिवाजी, संभाजी, शहाजी, शिवाजी, राजाराम, शिवाजी अशी लागते. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी एकही शाहू नाही.

यातले शेवटचे शिवाजी, म्हणजे चौथे, २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरला वारले. मूल नव्हतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी कागलच्या घाटगे घराण्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. २६ जून १८७४ चा जन्म, वडील जयसिंगराव, आई राधाबाई, मुलाचं नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला दत्तकविधान झालं आणि यशवंतरावचा शाहू झाला. ज्या नावाविरुद्ध ही गादी उभी राहिली, तेच नाव तिच्यावर बसलं. तोवर साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा करून ३६ वर्षं झाली होती आणि जुन्या भांडणात दम उरला नव्हता.

आपण ज्यांना राजर्षी शाहू म्हणतो ते हेच.

आता जरा मागं वळून मोजू. साताऱ्याचे पहिले शाहू, जन्मनाव शिवाजी. साताऱ्याचे दुसरे शाहू १७७७ मध्ये वावीच्या भोसल्यांकडून दत्तक आले, त्यांचं आधीचं नाव विठोजी. कोल्हापूरचे राजर्षी शाहू, जन्मनाव यशवंतराव. आणि कोल्हापूरचे सध्याचे शाहू छत्रपती, ज्यांचा जन्म १९४८ चा, ते १९६२ मध्ये नागपूरच्या भोसले घराण्यातून दत्तक आले, आधीचं नाव दिलीपसिंह.

चार शाहू. आणि चौघांपैकी एकालाही बारशाला आत्यानं कानात कुर्रर्र करून हे नाव दिलं नव्हतं. एकाला ते कैदेत चिकटलं, तिघांना दत्तक जाताना मिळालं. म्हणजे मूळ घर सुटलं की हे नाव आलं. बारशाच्या नावांच्या इतिहासात असं उदाहरण शोधून सापडणार नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला आपलं आधीचं नाव चांगलं आठवत असतं. राजर्षींनी पुढं नवं गाव वसवलं त्याला जन्मदात्या वडिलांचं नाव दिलं, जयसिंगपूर. आईचं नाव राधाबाई, मुलीचंही राधाबाई, आणि मुलीच्या नावानं राधानगरी. मला हे नकाशावर बघताना नेहमी वाटतं की दत्तक गेलेल्या मुलानं आपलं पहिलं घर असं गावागावांत पेरून ठेवलं.

मग ‘शाहू’चा आजचा अर्थ कुठून आला?

शब्दकोशातून नक्कीच नाही. आज कोल्हापुरात कुणी मुलाचं नाव शाहू ठेवतं तेव्हा त्याच्या डोक्यात ना साव असतो ना फारसी शाह. त्याच्या डोक्यात फेटा बांधलेला तो धिप्पाड माणूस असतो.

२ एप्रिल १८९४ ला राजर्षींच्या हाती कारभार आला. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांमधल्या ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, ज्यांना आपल्याकडे अजून बोर्डिंगच म्हणतात. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत (हे कागलजवळचं माणगाव, वर आलेलं कोकणातलं नव्हे) तरुण डॉ. आंबेडकरांना त्यांनी लोकांसमोर तुमचा पुढारी म्हणून उभं केलं. ‘राजर्षी’ ही पदवी त्यांना कोल्हापूरनं नाही, तर १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजाच्या परिषदेत मिळाली. ६ मे १९२२ ला मुंबईत ते गेले तेव्हा वय ४७ होतं.

उत्तर प्रदेशात हे नाव आजही ‘शाहूजी महाराज’ म्हणून चालतं. कानपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अमेठी जिल्हा २०१० मध्ये झाला तेव्हा त्याचंही नाव छत्रपती शाहूजी महाराज नगर होतं, ते पुढं बदललं.

आणि ‘फुले-शाहू-आंबेडकर’ हे तीन शब्द मराठी भाषणांत इतक्या वेळा एकत्र येतात की मधला शब्द माणसाचं नाव राहिलेला नाही, तो विचाराचं नाव झालाय. ६ मे २०२२ ला, राजर्षींच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी १० वाजता कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. चौकातल्या गाड्यांसकट.

मला वाटतं नाव दुर्मीळ असण्याचं कारणही इथंच आहे. शिवाजी हे नावही तेवढंच मोठं, पण ते गावोगावी शिवा, शिवबा, शिवाप्पा होऊन घरात रुळलं. शाहू मात्र पाटीवर, पुतळ्याखाली, संस्थेच्या लेटरहेडवर राहिलं. त्याच्या पुढंमागं राजर्षी, छत्रपती, महाराज लागल्याशिवाय ते आपल्याला अर्धवट वाटतं. रांगणाऱ्या पोराला “शाहू, तोंडातली माती थुंक” म्हणायला जीभ जरा अडखळते.

लोकप्रिय आहे की नाही, कसं कळणार?

खरं सांगायचं तर आकड्यांत कळणार नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दरवर्षी कुठलं नाव किती बाळांना ठेवलं याची सरकारी यादी निघते. आपल्याकडे जन्माची नोंद होते, पण नावांची अशी अधिकृत क्रमवारी नियमित प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे ‘यंदाची टॉप १०० मराठी नावं’ असं कुठं दिसलं तर त्यातला पहिला नंबर आणि शंभरावा नंबर यात फरक यादी बनवणाऱ्याच्या आवडीचा असतो. नावाच्या शेजारी लकी नंबर आणि लकी रंग देणाऱ्या याद्यांबद्दल तर बोलायलाच नको. अर्थही तिथं एकमेकांचे कॉपी झालेले असतात, म्हणून शाहू म्हणजे राजा हे इतकं पक्कं होऊन बसतं.

रास बघून नाव ठेवणाऱ्या घरांसाठी एवढंच, की प्रचलित पंचांगांप्रमाणे ग, स, श ही अक्षरं कुंभ राशीला येतात. दुसरी रास असली तर बरेच लोक राशीचं नाव वेगळं ठेवतात आणि हाकेचं वेगळं. चार शाहूंचा इतिहास बघता या नावाला दोन नावांची सवय आहेच.

नाव ठरेना म्हणून घाई करायचीही गरज नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी बाळाचं नाव द्यायलाच हवं असं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय नोंद चालते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा मुख्य पुरावा झालाय, त्यामुळे नावाचा रकाना वर्षानुवर्षं मोकळा ठेवलात तर हेलपाटे तुमचेच.

एकदा नोंदवलेलं नाव पुढं बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. नाव बदलण्याची गरज कधी किती खोल असते ते आपल्या जवळच्याच जिल्ह्यानं दाखवलंय. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींची नावं जाहीर समारंभात बदलली गेली. नको असताना झाली म्हणून नकुशा. तेही नाव आई-बापांनीच ठेवलेलं होतं आणि त्याचा अर्थ शोधायला कुणाला शब्दकोश लागत नव्हता.

शाहू ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र दाखल्यावर डोळ्यांत तेल घालून बघावी, ती म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. एस नंतर पहिला एच राहिला की शाहूचा साहू होतो आणि आडनावाच्या जागी जाऊन बसतो. परराज्यातल्या ऑफिसात मग पहिलं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं हे आयुष्यभर समजावत बसावं लागतं. उच्चाराची काळजी मात्र करू नका, ती तुमच्या हातात नाही. मराठीत कितीही शुद्ध लिहा, कोल्हापुरात गल्लीतली पोरं चौथ्या दिवशी ‘ह’ गाळणार आणि खालून हाक येणार, “ए शाऊ, बॅट घिऊन ये!”